मामाची मुलगी लेवीयच्या यादीत आहे का?

प्रश्न : ताई, आम्ही मिरजेचे, तीन पिढ्या चर्चला जाणारे. माझ्या आईचं मी लहान असल्यापासून एकच, भावाची मुलगी सून करून आणायची. मामा कवठे महांकाळला असतात. आता बोलणी सुरू झाली तर आमचे पाळकसाहेब म्हणाले, बायबलमध्ये जवळच्या नात्यात लग्न मना आहे, लेवीय पुस्तकाचा 18 वा अध्याय वाचा. आई म्हणते याकोबाने मामाच्याच दोन मुली केल्या, मग तो काय पापी होता का. दोघंही बायबलच दाखवतात, मी कुणाचं ऐकू? – एक वाचक, मिरज

उत्तर : दादा, पाळकसाहेबांनी दाखवलेला अध्याय बरोबर आहे, पण त्यात मामाची मुलगी नाही. तुमचं पत्र आल्यावर मी लेवीय 18 पुन्हा एकेक ओळ बोट ठेवून वाचला. आई, सावत्र आई, बहीण (सख्खी असो की सावत्र), नात, आत्या, मावशी, चुलती, सून, भावजय, बायकोची आधीची मुलगी आणि बायकोची नात, आणि बायको जिवंत असताना तिची बहीण. संपली यादी. चुलत, मामे, आते, मावस यातली एकही बहीण त्यात नाही. चुलती आहे पण मामी नाही, मामीला नंतर यहुदी रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, आपल्या वाढीव यादीत घेतलं.

पण आईंचं म्हणणंही तेवढ्यावर सोडून चालणार नाही, कारण "याकोबाने केलं" म्हणून सगळं चालतं असं धरलं तर पुढे अवघड होतं. अब्राहामाची सारा ही त्याची सावत्र बहीण, बाप एक आई वेगळी, हे तो स्वतःच उत्पत्ती 20 मध्ये सांगतो. त्याचा भाऊ नाहोर, त्याने मेलेल्या भावाची मुलगी मिल्का केली म्हणजे सख्खी पुतणी. आणि मोशेचे आईवडील तर बघा, निर्गम 6:20 मध्ये सरळ लिहिलंय की अम्रामाने आपली आत्या योखबेद हिच्याशी लग्न केलं. म्हणजे ज्याच्या हातून हा नियम लोकांना मिळाला त्याच्याच आईवडिलांचं लग्न त्या नियमात बसत नाही! मी सांगलीत बरीच वर्षं संडेस्कूल घेतलं, एकदा सातवीतल्या एका मुलीने हेच विचारलं होतं आणि मी तेव्हा विषय बदलला होता, त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण लपवायचं असतं तर बायबलनेच लपवलं असतं. लपवायची इच्छा इतरांना झालेली दिसते. इसवीसनाआधी मिसर देशात ग्रीक भाषांतर झालं त्यात योखबेद ही आत्या न राहता अम्रामाच्या चुलत्याची मुलगी झालेली आहे, मला तर हे संकोचातूनच झालेलं वाटतं.

तर बायबल जो क्रम सांगतं त्यात आधी ही माणसं आणि नंतर यादी. यादी का आली हे त्याच अध्यायाच्या सुरुवातीला आहे, तुम्ही ज्या मिसरातून आलात तिथल्यासारखं वागू नका आणि ज्या कनानात जाताय तिथल्यासारखंही नको. दुसरं कारण लिहिलेलं नाही पण यादी वाचताना दिसतं. त्या काळी तीनचार पिढ्या एका ठिकाणी राहायच्या, आपल्याकडे जुन्या वाड्यात राहायच्या तशाच, सावत्र आई वयाने मुलाएवढी, सून, भावजय, बिनलग्नाची आत्या सगळ्या एका चुलीवर. यादीतल्या बहुतेक बायका ह्याच आहेत. घरातल्या घरात कुणी कुणाकडे वाईट नजरेने बघायचं नाही, हा त्या यादीचा जीव आहे असं मला मनापासून वाटतं.

याकोबाच्या घरात काय झालं तेही आईंना वाचून दाखवा. लाबानाने आधी थोरली लेआ गळ्यात मारली मग राहेल दिली, सख्ख्या बहिणी सवती झाल्या. गव्हाच्या कापणीच्या दिवसात लेआचा पोरगा रानातून कसलीशी फळं घेऊन येतो, राहेल म्हणते मला थोडी दे, आणि लेआ म्हणते माझा नवरा घेतलास ते पुरलं नाही का, आता पोराने आणलेली फळंही घेतेस? शेवटी त्या फळांच्या बदल्यात नवऱ्याची एक रात्र ठरते. हे वाचून मग लेवीय 18:18 वाचा, बायको जिवंत असताना तिची बहीण तिला सवत म्हणून आणू नको. मूळ हिब्रूत तिथे जो शब्द आहे तो सवत ह्या शब्दाच्याच घरातला. म्हणजे त्या कायद्याला मामाची पोरगी खटकली नाही, बहिणीबहिणींना एकमेकींसमोर उभं केलेलं खटकलं.

आणि लेवीयच्याही पुढे गणना 36 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली आहेत, बापाला मुलगा नाही म्हणून जमीन त्यांच्या नावावर आली, तेव्हा जमीन दुसऱ्या वंशात जायला नको म्हणून त्यांनी चुलत्यांच्या मुलांशी लग्नं केली आणि तीही मोशेच्या सांगण्यावरून. जमिनीसाठी नात्यातच सोयरीक, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

मग चुलत-मामे भावंडांत लग्न नको हे आलं कुठून? तर ते चर्चकडून आणि रोमच्या कायद्याकडून आलं. चौथ्या शतकाच्या शेवटी सम्राट थिओडोसियसने चुलत-मामे भावंडांच्या लग्नावर बंदी आणली. पुढे काही दशकांनी संत ऑगस्टीनने जे लिहिलं ते मला फार पटतं, तो म्हणतो पहिल्या माणसांना इलाज नव्हता, पण माणसं वाढल्यावर नाती बाहेर जोडावीत, एकच माणूस बाप आणि सासराही असण्यापेक्षा दोन वेगळी माणसं असली तर माया जास्त घरांत पसरते. पुढे मात्र चर्चने हे ताणत ताणत सातव्या पिढीपर्यंत नेलं, गावात कुणाचं कुणाशी लग्न लागेना, तेव्हा 1215 च्या लॅटरन परिषदेने (चर्चच्या मोठ्या सभेने) सातावरून चारावर आणलं, म्हणजे खापरपणजोबा एक असला तर लग्न नाही. चारच का, तर शरीरात चार रस असतात म्हणून, असं त्या ठरावातच लिहिलंय. 1917 च्या कॅथलिक कायद्यात पणजोबा एक नको इथपर्यंत आलं, आणि 1983 पासून आजोबा एक नको, म्हणजे सख्खी चुलत-मामे भावंडं, आणि तिथेही बिशपांची परवानगी मिळू शकते. प्रॉटेस्टंट बाजूला ल्यूथरने 1522 मध्येच म्हटलं की लेवीयमध्ये जेवढं आहे तेवढंच धरा, आणि 1540 मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या कायद्याने इंग्लंडमध्ये चुलत-मामे भावंडांची लग्नं मोकळी झाली. 1563 चा जो इंग्लिश चर्चचा नात्यांचा तक्ता आहे त्यातही मामाची मुलगी नाही.

तेव्हा पाळकसाहेबांना आदराने विचारा की ही मनाई आपल्या चर्चच्या नियमात आहे का, असेल तर लेखी दाखवा, कारण चर्चला आपला नियम करता येतो पण तो लेवीयच्या नावावर खपवता येत नाही. कायद्याचं म्हणाल तर 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात नात्यांची यादीच नाही, तो ज्याच्या त्याच्या पंथाच्या नियमांकडे बोट दाखवतो. रजिस्टर लग्न करायचं म्हटलं तर 1954 च्या स्पेशल मॅरेज अॅक्टच्या यादीत मामाची मुलगी आहे, रूढी असेल तरच सूट, म्हणून त्या आधी वकिलाशी बोला.

लग्नाआधी दोघांनी थॅलेसेमियाची रक्ततपासणी करा आणि जेनेटिक काउन्सेलिंग करून घ्या, आतेमामे भावंडांत साधारण एक अष्टमांश जनुकं सारखी असतात, आजार होतोच असं नाही पण घराण्यात काही असेल तर तो वर यायची शक्यता वाढते.

आणि दादा, एवढ्या मोठ्या पत्रात ती मुलगी काय म्हणते हे एका ओळीतही नाही. आपल्याकडे मामाची पोरगी भाच्याच्या हक्काची असं सर्रास म्हणतात, अर्जुनाची सुभद्राही मामाचीच मुलगी, ही चाल जुनी आहे, पण हक्काची हा शब्द मला सहन होत नाही. इसहाकासाठी रिबकेला मागणी घातली तीही नात्यातलीच होती, आजोबा नाहोर म्हणजे अब्राहामाचा भाऊ. बाप आणि भाऊ हो म्हणून बसले होते, तरी सकाळी घरचे म्हणाले मुलीला बोलवा आणि तिच्या तोंडूनच ऐकू. जाशील का या माणसाबरोबर? ती म्हणाली, जाईन. कवठे महांकाळला जाऊन मामामामी बाहेर बसलेले असताना तिला एकटीला हा प्रश्न विचारा, ती नाही म्हणाली तर लेवीयमध्ये काहीही असो, विषय संपला.

प्रश्न : आम्ही जतचे, हिंदू. आमच्या बाजूला मामा-भाचीचं लग्न होतं. शेजारच्या ख्रिस्ती बाई म्हणाल्या आमच्यात हे अजिबात नाही. बायबलमध्ये तसं आहे का? – एक वाचक, जत

उत्तर : शब्दाने नाही. लेवीय आत्या आणि मावशीला मना करतं, म्हणजे भाच्याने मावशी करायची नाही, पण मामाने भाची करायची नाही असं कुठे लिहिलेलं नाही. यावरून यहुद्यांतच दोन तट पडले. तालमूद ह्या यहुदी धर्मग्रंथातल्या रब्बींनी बहिणीची मुलगी करणाऱ्याचं कौतुक केलंय. उलट मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या मंडळींनी, तो एक जुना यहुदी पंथ, ठाम विरोध केला, त्यांचं म्हणणं कायदा पुरुषांना उद्देशून लिहिला असला तरी बायकांनाही तोच लागू, मावशी-भाचा नको तर मामा-भाचीही नको. त्यांचा हा मजकूर आधी कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सापडला आणि मग 1947 नंतर कुमरानच्या गुहांतही त्याचे तुकडे निघाले. चर्चने हीच बाजू घेतली, म्हणून तुमच्या शेजारणीचं बरोबर आहे. मीही कुमरानवाल्यांच्याच बाजूची, मामा हा बापाच्या जागी असतो, लग्नात भाचीच्या पाठीशी उभा राहायचा तो. हिंदू विवाह कायदा 1955 मध्येही हे नातं मना आहे, फक्त रूढी सिद्ध झाली तर सूट आहे. इथे सारखी जनुकं एक चतुर्थांश, म्हणजे वरच्या पत्रातल्यापेक्षा दुप्पट, हे विसरू नका.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर कोविडमध्ये गेले. दोन मुली आहेत. सासूबाईंचं म्हणणं धाकट्या दिराशी लग्न कर, बायबलच्या अनुवाद पुस्तकात, 25 व्या अध्यायात, देवाचीच आज्ञा आहे. चर्चमधले काहीजण म्हणतात भावजयीशी लग्न म्हणजे लेवीयप्रमाणे पाप. मला दोन्हीकडून भीती घालतात. – एक भगिनी, सातारा

उत्तर : बाई, आधी ती भीती बाजूला ठेव. या दोन वचनांवरून मोठमोठे राजे आणि पोप भांडलेत. आठव्या हेन्रीने भावाची विधवा कॅथरीन हिच्याशी 1509 मध्ये लग्न केलं ते पोपच्या परवानगीने, आणि पुढे मुलगा होईना तेव्हा लेवीय 20:21 काढून म्हणाला हे लग्नच चूक होतं, आणि 1533 मध्ये ते रद्द करून घेतलं. खुद्द इंग्लंडमध्ये दिराशी लग्न कायदेशीर व्हायला 1921 उजाडलं. दोन्ही वचनं एकाच ग्रंथात आहेत आणि रब्बींनी त्यांची सांगड अशी घातली की भावजय मना हा नियम, आणि भाऊ निपुत्रिक गेला तर तेवढा अपवाद. तुला दोन लेकी आहेत, रब्बींच्या वाचनात मुलगी असली तरी तो निपुत्रिक धरत नाहीत, म्हणजे अनुवादची आज्ञा तुझ्या घराला लागूच होत नाही.

आणि ज्यांना ती लागू होती त्यांनाही सक्ती नव्हती. दीर नाही म्हणाला की भावजयीने वेशीवर वडीलधाऱ्यांसमोर जायचं, त्याच्या पायातला जोडा काढायचा, तोंडावर थुंकायचं आणि त्या घराला पुढे "जोडा काढलेल्याचं घर" असंच नाव पडायचं. तो सगळा कायदा मुळात मूलबाळ नसलेली बाई उघड्यावर पडू नये आणि मेलेल्याचं नाव राहावं म्हणून होता, कामाला आयती बाई घरातच राहावी म्हणून नव्हे. पुढे यहुद्यांत जोडा काढून मोकळं होणं हीच रीत वाढत गेली आणि इस्रायलच्या मुख्य रब्बींनी 1950 मध्ये दिराशी लग्न बंदच केलं. ख्रिस्ती बाईसाठी तर पौलाने 1 करिंथ 7:39 मध्ये लिहून ठेवलंय, नवरा मेल्यावर ती मोकळी आहे, वाटेल त्याच्याशी लग्न करावं, फक्त प्रभूमध्ये. वाटेल त्याच्याशी, हे शब्द सासूबाईंनाही वाचून दाखव आणि चर्चमधल्या त्या मंडळींनाही. दीर तुला मनापासून आवडत असेल तर तसं पाळकांशी बोल आणि चर्चचा नियम विचार. नसेल आवडत तर नाही म्हण, त्यात पाप नाही.

पत्राच्या मागच्या पानावर तू जाता जाता लिहिलंस की जमीन मिस्टरांच्या नावावर आहे. मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश आणि बाकी दोन तृतीयांश मुलांना, मुली असल्या तरी तेवढंच. सातबाऱ्यावर तिघींची वारस नोंद झाली नसेल तर मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे याच आठवड्यात अर्ज दे, लग्नाचं बोलणं त्यानंतर.