धावपट्टी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये आपली ललिता बाबर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याच्या उड्या असलेल्या रेसच्या) फायनलला गेली तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीने टीव्हीसमोर ठाण मांडलं होतं. आता माझी मुलगी सोळाची झालीये आणि ३००० मीटर पळते. तिने कुठेतरी वाचलं की त्याच रिओत डेन्मार्कची एक १९ वर्षांची पोरगी पण स्टीपलचेस पळाली होती. ती कोण, आणि पुढे काय झालं तिचं? दुसरं म्हणजे आमचे सर म्हणतात आत्तापासून एकच इव्हेंट पकड, ते बरोबर आहे का? (एक वडील, फलटण)

उत्तर: दादा, मुलीने बरोबर वाचलंय. तिचं नाव अ‍ॅना एमिली मोलर, जन्म २८ जुलै १९९७. म्हणजे रिओच्या हीट्स (फायनलआधीच्या पात्रता रेस) झाल्या तेव्हा तिला १९ पूर्ण होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता, युरोपच्या हिशेबाने ती अजून ज्युनियर होती. ती हीटमधूनच बाहेर पडली. ललिताने मात्र हीटमध्ये ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा नॅशनल रेकॉर्ड केला आणि फायनलला दहावी आली, ते तुम्ही बघितलंच आहे. पण गंमत अशी की ललिता तेव्हा २७ ची होती आणि त्याआधी ती मॅरेथॉन पळायची, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय मुलींमध्ये सलग तीन वर्षं पहिली, आणि स्टीपलचेसकडे वळली ती २०१४ च्या सुमारास. माण तालुक्यातली पोरगी पंचविशीत अडथळे शिकते आणि दोन वर्षांत ऑलिम्पिक फायनल पळते, त्यामुळे उशीर झाला वगैरे मनात आणू नका.

आता मोलरचं. रिओनंतरची तिची तीन वर्षं मला फार आवडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०१७ ला पोलंडमध्ये बिडगोश्चला युरोपियन अंडर-२३ झाली, तिथे तिने स्टीपलचेसचं गोल्ड घेतलं. मग २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये टिलबर्गला युरोपियन क्रॉस कंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून चिखल-चढावरची पळापळ, रेस चक्क एका सफारी पार्कच्या आवारात, तिथे पण अंडर-२३ गटात पहिली. २०१९ च्या जुलैत स्वीडनमध्ये येवलाला परत अंडर-२३, आणि इथे तिने चार दिवसांच्या स्पर्धेत दोन गोल्ड घेतली, एक ५००० मीटरचं आणि एक स्टीपलचेसचं. ५००० ला १५ मिनिटं ०७.७० सेकंद आणि स्टीपलचेसला ९ मिनिटं २७.३१, दोन्ही स्पर्धेचे रेकॉर्ड. पाच हजारचा हिशेब करून बघा, किलोमीटरला साधारण तीन मिनिटं दीड सेकंद, आणि असे पाच किलोमीटर. मुलीला म्हणावं एकच किलोमीटर या स्पीडने पळून बघ, मग कळेल.

आणि मग ३० सप्टेंबरला दोहाला वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल. केनियाची बिअ‍ॅट्रिस चेपकोएच पहिल्यापासूनच सुसाट गेली आणि ८ मिनिटं ५७.८४ मध्ये जिंकली. मागे पेरुथ चेमुताई होती, विनफ्रेड यावी होती, या दोघी पुढे एकेक ऑलिम्पिक गोल्ड घेऊन गेल्या, चेमुताई टोकियोला, यावी पॅरिसला. असल्या घोळक्यात २२ वर्षांची डेन्मार्कची पोरगी सातवी आली, ९ मिनिटं १३.४६, तिच्या देशाचा नॅशनल रेकॉर्ड. येवलाहून दोहापर्यंत अडीच महिने, आणि वेळ जवळजवळ १४ सेकंदांनी खाली. त्यानंतरही ती थांबली नाही, डिसेंबरमध्ये लिस्बनला परत चिखलात उतरली आणि अंडर-२३ क्रॉस कंट्रीचं गोल्ड परत घेतलं.

(याच दोहामध्ये आपला बीडचा अविनाश साबळे पण होता बरं का, हीटमध्ये पुढचे पळणारे पडल्यामुळे तो अडकला, मग अपील करून फायनलला घेतलं आणि त्याने ८:२१.३७ चा नॅशनल रेकॉर्ड केला.)

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मोलर सपाट ट्रॅकवर पळत होती, अडथळ्यांवर पळत होती आणि थंडीत चिखलात पळत होती, तिन्ही एकाच वयात. मला विचाराल तर सोळाव्या वर्षी एकच इव्हेंट पकडायची काही घाई नको. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून, चढ-उतारावरून पळू दे, उन्हाळ्यात १५०० आणि ३००० पळू दे, आठवड्यातून एकदा हर्डल ओलांडू दे. आणि कळकळीची विनंती, बक्षिसाच्या पैशासाठी दर रविवारी दहा-दहा किलोमीटरच्या डांबरी रेसला नेऊ नका, मी अशा कितीतरी चांगल्या पोरी अठराव्या वर्षी नडगी धरून बसलेल्या बघितल्यात, फार वाईट वाटतं.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, स्टीपलचेस सुरू केलंय पण पाण्याच्या उडीची भयंकर भीती वाटते. आमच्या ग्राउंडवर पाण्याचा खड्डाच नाही. काय करू? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: भीती वाटतेय ते बरोबरच आहे गं, कारण हा हर्डल पडत नाही. १०० मीटर हर्डल्सला पाय लागला तर हर्डल पडतो, इथे पाय लागला तर आपण पडतो. पूर्ण रेसमध्ये २८ साधे अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. मुलींसाठी उंची ७६.२ सेंटीमीटर, पुढे पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्याजवळ सगळ्यात खोल आणि पुढे उतरत उतरत शून्यावर येतो. म्हणून जेवढी लांब उडी तेवढं पाणी कमी, सगळं गणित एवढंच.

आमच्याकडे पण खड्डा नाही. आम्ही लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्याच्या तोंडाशी जाड लाकडी ओंडका पक्का बसवतो आणि वाळूत फावड्याने रेघ मारतो. पोरींनी पळत यायचं, ओंडक्यावर पाय टाकायचा, तोही टाच नाही आणि चवडाही नाही, पायाचा मधला भाग, स्पाइक्स ओंडक्याच्या पुढच्या कडेला धरतात बघ, तिथून ढकलायचं आणि रेघेपलीकडे एका पायावर उतरून लगेच पुढचं पाऊल टाकायचं. दोन पायांवर धप्पकन उतरलं की संपलं, सगळा वेग तिथेच मेला. आमची एक पोरगी पहिले तीन आठवडे ओंडक्याजवळ आली की बारीक बारीक पावलं टाकायची. मी तिला ओंडक्याकडे बघूच नको म्हटलं, समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघ. चौथ्या आठवड्यात ती रेघेच्या पुढे दोन वीत पडली आणि मागे वळून वाळूतल्या स्वतःच्या पावलाकडे बघतच उभी राहिली. शेवटच्या दोन उड्यांना पाय जड होतात तेव्हाची प्रॅक्टिस वेगळी कर, आधी चारेक लॅप पळून मग उड्या मार.

प्रश्न: आम्ही डेन्मार्कमध्ये आऱ्हुसला राहतो. इथल्या मोसगार्ड म्युझियमच्या गवताच्या छपरावर मुलं घसरगुंडी करतात. त्या छपरावरून वर्ल्ड चॅम्पियनशिपची रेस गेली असं शेजारी सांगतात, खरं का? (आऱ्हुसहून एक वाचक)

उत्तर: अगदी खरं ताई. ३० मार्च २०१९, वर्ल्ड क्रॉस कंट्री. प्रत्येक लॅपला ते तिरकं छप्पर चढायचं, शिवाय वाटेत चिखल, पाणी, वाळू. बायकांची रेस दहा किलोमीटरच्या थोडी वर, पुरुषांएवढीच. हेलन ओबिरी जिंकली, ३६ मिनिटं १४ सेकंदांत, आणि दुसरी आलेली देरा दिदा फक्त दोन सेकंद मागे. आणि वर जिच्याबद्दल लिहिलं ती मोलर तुमच्या शेजाऱ्यांच्या डोळ्यासमोर पंधरावी आली. पंधरावी ऐकून कमी वाटेल, पण केनिया, इथिओपिया, युगांडाच्या पोरी जिथे घोळक्याने पुढे असतात तिथे युरोपातली ती पहिली होती, आणि वय २१. आता बघा, डेन्मार्कचा सगळ्यात उंच नैसर्गिक पॉइंट १७० मीटरच्या आसपास, मोलेहोय नावाची टेकडी, आपल्याकडे एवढ्या उंचवट्याला कोणी डोंगरही म्हणणार नाही. अशा सपाट देशात चढाची रेस भरवायची तर छपरावरच चढवावं लागतं! पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात की एकदा खालून वरपर्यंत न थांबता पळून बघा, आणि मग परत खाली येऊन आणखी चार वेळा.

प्रश्न: स्टीपलचेसमध्ये आपल्या मुली मोलरच्या जवळपास पोचल्यात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: पोचल्या की! पारुल चौधरीने मे २०२५ मध्ये डायमंड लीगला (देशोदेशी भरणाऱ्या मोठ्या स्पर्धांच्या मालिकेत) ९ मिनिटं १३.३९ वेळ दिली, मोलरच्या ९:१३.४६ पेक्षा सेकंदाच्या सात शतांशांनी कमी. आणि ही रेस झाली कुठे, तर तिथेच, दोहाला.