ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर, नवीन आहेस ना?

अरे, लगेच सगळा तालुका काढायला घेऊ नकोस. आधी आपली गल्ली कर: पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, पाराजवळचा एसटी थांबा. गुगल मॅप्सवर बघून नावं उतरवायची नाहीत, परवान्यात बसत नाही. स्वतः फिरून टाक. ज्यावरून आपण रस्ते काढतो ते उपग्रहाचं चित्र कधीकधी काही मीटर सरकलेलं असतं. मी एकदा तसाच रस्ता काढला, तर तो थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यातून गेला! म्हणून आधी जीपीएसचे दोन-तीन ट्रॅक (फिरताना नोंदवलेल्या वाटा) लावून चित्र जुळवून घे. मराठी नावासाठी 'नेम:एमआर' (name:mr) हा वेगळा टॅग, म्हणजे माहितीचा रकाना, आहे, तो भरच. वाड्यांची नावं मात्र म्हाताऱ्या माणसांना विचार, पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाचा बहुतेकदा घोळ असतो.