बहुमत कोणाचे?

प्रश्न : कर कोठे खर्च व्हावा हे बहुमताने ठरते, तर मग अर्थसंकल्प ही बहुसंख्यांची इच्छाच मानायची का?

उत्तर : सरसकट तसे मानता येणार नाही. समजा, तीन सदस्यांच्या समितीपुढे रस्ता, रुग्णालय आणि करकपात असे तीन पर्याय आहेत. पहिल्याचा पसंतिक्रम रस्ता, रुग्णालय, करकपात. दुसऱ्याचा रुग्णालय, करकपात, रस्ता. तिसऱ्याचा करकपात, रस्ता, रुग्णालय. दोन-दोन पर्यायांवर मत घेतले, तर रस्ता रुग्णालयाला हरवतो, रुग्णालय करकपातीला आणि करकपात रस्त्याला! म्हणजे आधी दोन पर्यायांवर मत घेऊन त्यातल्या विजेत्याची तिसऱ्याशी लढत लावली, तर जो पर्याय शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवला, तोच जिंकतो. आणि कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्याच्या हाती, कोणाच्या सहसा लक्षात न येणारी, मोठी सत्ता जाते. फ्रेंच गणिती काँडोर्से यांनी 1785 मध्येच हा पेच दाखवून दिला होता.

शिवाय सवलतीचा लाभ मोजक्यांना भरघोस मिळतो आणि तिचा भार असंख्य करदात्यांवर इतका थोडा-थोडा पडतो, की विरोधासाठी वेळ घालवणे कोणालाच परवडत नाही.

स्वीडिश अर्थतज्ज्ञ क्नुट विकसेल यांनी 1896 मध्ये सुचवले, की खर्चाचा प्रत्येक प्रस्ताव त्यासाठी लागणाऱ्या करासह मांडावा आणि तो जवळजवळ एकमताने संमत व्हावा. यातली पहिली अट मला रास्त वाटते. दुसरीमुळे मात्र मूठभरांना अडवणूक करून आपला वाटा वाढवून घेण्याची संधी मिळते.