‘प्रभूच्या कृपेने ठीक आहे’ म्हणताना

प्रश्न : उपासनेत गीतांसाठी मी नेहमी पुढे असते. मंडळीत सगळे मला हसतमुख म्हणून ओळखतात. घरी आले की दार लावून रडते, आणि कारण विचारलं तर सांगता येत नाही. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन मीच इतरांना ऐकवते. मी ढोंगी आहे का?

नाही. ढोंगी माणूस दुसऱ्याला फसवून स्वतःचा फायदा साधतो. तुम्ही दुखणं झाकून ठेवलं आहे, आणि त्याची किंमत तुम्हीच मोजत आहात.

ज्या वचनाचं ओझं तुम्हाला वाटतं, ते कोणी आणि कोणत्या पत्रात लिहिलं ते एकदा सलग वाचून पाहा. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आनंद करा म्हणतो, चिंता करू नका म्हणतो. त्याच पत्रात, दोनच अध्याय आधी, आपला सहकारी एपफ्रदीत आजारातून वाचला नसता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळलं असतं, असं तो लिहितो. त्याला परत पाठवतो आहे, म्हणजे माझं दुःख थोडं हलकं होईल, असंही तो मोकळेपणाने सांगतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तर, आशिया प्रांतात असताना जगण्याचीही आशा सुटली होती, हे तो मंडळीला कळवतो. आनंद करा म्हणणाऱ्याने स्वतःचं दुःख लपवलं नव्हतं. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. आपल्या उपासनांत मात्र स्तुतीची गीतं भरपूर आणि विलापाची जवळजवळ नाहीत. रडू आलेल्या माणसाला मंडळीत ओठांवर आणायला शब्दच मिळत नाहीत, ही उणीव तुमची नव्हे, आपल्या सगळ्यांची आहे.

आता कारणाबद्दल. ते आठवून सापडत नाही, टिपून सापडतं. दोन आठवडे एक छोटी वही ठेवा. रडू आलं की चारच गोष्टी लिहा : किती वाजले, त्याआधीच्या दोन तासांत कोण भेटलं किंवा काय घडलं, आदल्या रात्री झोप किती झाली, शरीरात कुठे जाणवलं. मासिक पाळीची तारीखही नोंदवा. अर्थ लावायची घाई करू नका, चौदा दिवस झाल्यावर सगळं एकदम वाचा. रडू फक्त उपासनेनंतरच येत असेल, तर दिवसभर चेहरा सांभाळल्याचा तो शीण असू शकतो. रोज पहाटे जाग येऊन तेव्हाच येत असेल, तर पुढे औषधांबद्दलचं उत्तर वाचा.

आणि चारपैकी एक रविवार मागच्या बाकावर बसा. कारण देण्याची गरज नाही. ‘या महिन्यात एका रविवारी मी पुढे नसेन’ एवढं सांगणं पुरे.

प्रश्न : प्रार्थनेला बसलो की तेच ते शब्द येतात. ‘प्रभू, मला शांती दे’ म्हणतो आणि उठतो. आत काय चाललं आहे हे मलाच कळत नाही, तर देवाला काय सांगू?

देवाने माणसाला विचारलेला पहिला प्रश्न ‘तू कोठे आहेस?’ हा आहे. तो झाडांमागे लपलेल्या आदामाला विचारला होता. आदाम कुठे आहे हे देवाला ठाऊक होतं, ते आदामाला स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं. तुमची अडचण तिथेच आहे. शांती मागण्याआधी, अशांती नेमकी कसली आहे हे म्हणायचं राहून जातं.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. गजर लावूनच बसा. पहिली दोन-तीन मिनिटं फक्त शरीराकडे लक्ष द्या : जबडा आवळलेला आहे का, खांदे वर चढले आहेत का, छातीवर किंवा पोटात काही दाटलं आहे का. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. मग भावनेला नाव द्या. ‘टेन्शन आहे’, ‘कसंतरी वाटतं’ यावर थांबू नका. आपल्या भाषेत याहून नेमके शब्द आहेत : धसका, खंत, चीड, हेवा, उबग, लाज, पोरकेपण, हिरमोड, तगमग. एकेक शब्द मनाशी म्हणून पाहा. बरोबर शब्द सापडला की आतून ‘हो, हेच’ असं येतं आणि पकड किंचित सैल होते.

इथे एका जोडीकडे विशेष लक्ष द्या, कारण तिथे फार जण चुकतात. अपराधीपणा म्हणतो, ‘मी चूक केली.’ लाज म्हणते, ‘मीच चुकीचा आहे.’ अपराधीपणाला पश्चात्तापाचा आणि भरपाईचा रस्ता आहे : क्षमा मागा, जमेल ते भरून द्या. लाजेच्या मुळाशी बहुधा तुमचं कृत्यच नसतं. कुणीतरी केलेला अपमान, अत्याचार, लहानपणापासूनची तुलना असं काही असतं. म्हणून कितीही पश्चात्ताप केला तरी लाज हलत नाही, आणि माणसाला वाटतं की देवच ऐकत नाही. लाजेला हवा असतो तिच्याकडे पाहूनही तोंड न फिरवणारा कुणीतरी.

नाव सापडलं की 13वं स्तोत्र उघडा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन तक्रारीच्या : कोठवर? पुढच्या दोन मागणीच्या : पाहा, उत्तर दे. शेवटच्या दोन भरवशाच्या. त्याच साच्यात स्वतःची सहा वाक्यं लिहा. तक्रारीत सभ्यता नको, तपशील हवा. ‘मला त्रास होतो’ याऐवजी ‘भावाने सगळ्यांसमोर माझ्या नोकरीवरून टोमणा मारला आणि मी हसून साजरं केलं’ असं लिहा. मागणी एकच आणि आजच्यापुरती असू द्या. भरवशाचा भाग येत नसेल तर जागा कोरी सोडा. ती जबरदस्तीने भरली की पुढच्या दिवशी वही उघडावीशी वाटत नाही. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

हा सराव बहुतेकदा बिघडतो तो मन चरकासारखं फिरू लागल्याने. खूण अशी : तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं जातं आणि वाक्यं ‘का’ने सुरू होऊ लागतात. माझ्याच वाट्याला का, तो असं का वागला? तिथे ‘का’ खोडून ‘काय’ लिहा. आत्ता काय वाटतं, आत्ता काय हवं? होरेब डोंगरावर देवाने संदेष्टा एलीयाला दोनदा विचारलं ते ‘तू येथे काय करतोस?’ असंच होतं. गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी वही मिटा. अंथरुणात पडून हे करू नका, झोप उडते.

ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेलं आत्मपरीक्षण आहे. पंथ कोणताही असो, ते करता येतं. त्यातला क्रम बदलू नका : आधी दिवसाबद्दल आभार, मग प्रकाशाची मागणी, मग तासातासाने दिवस पाहणं, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. अनेक जण थेट चुकांपासून सुरुवात करतात आणि पाच मिनिटांत लाजेच्या खड्ड्यात जाऊन बसतात. आभार पहिले आहेत ते याचसाठी.

प्रश्न : एकाच पापाची कबुली मी शेकडो वेळा दिली आहे. दहा मिनिटं बरं वाटतं, मग शंका येते : मनापासून दिली का? काही सांगायचं राहिलं का? पुन्हा गुडघे टेकते.

जागी असलेली सदसद्विवेकबुद्धी एका ठरावीक कृत्याकडे बोट दाखवते आणि कबुलीनंतर शांत होते. तुम्ही लिहिता त्यात शंका कबुलीवरच येते, आणि प्रत्येक वेळी नवी येते. हा विचारांच्या सक्तीचा, म्हणजे ओसीडीचा, धार्मिक प्रकार असू शकतो. जुन्या ख्रिस्ती लेखनात याला लॅटिनमधला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘टोकदार बारीक खडा’, चपलेत शिरून पावलोपावली टोचणारा. तरुण मार्टिन लूथर मठात तासन्‌तास कबुली देत असत, इतकी की त्यांचे कबुली ऐकणारे वडीलधारे स्टाउपिट्झ त्रासून जात.

पुन्हा कबुली दिल्याने हे वाढतं. प्रत्येक वेळी मेंदू शिकतो की धोका खरा होता आणि कबुलीमुळेच टळला. म्हणून उपाय उलटा आहे. एकच पाळक किंवा फादर निवडा आणि त्यांच्याशी नियम ठरवा : एका गोष्टीची कबुली एकदाच. शंका आली की त्यांना फोन करून ‘झालं ना माफ?’ असंही विचारायचं नाही, कारण तीही कबुलीच आहे. ऊर्मी आली की दहा मिनिटं थांबा, पुढच्या आठवड्यात वीस. अस्वस्थता चढते आणि काही न करताही उतरते, हे शरीराला अनुभवू द्या. पहिले दिवस जड जातात. ओसीडीवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे याच पद्धतीचे उपचार असतात, ते जरूर घ्या आणि पाळकांनाही त्याची कल्पना द्या. देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं आश्वासन तुमच्यासाठीच आहे. फक्त शंका आली की ते वीस वेळा म्हणायचं, असा नवा जप करू नका.

प्रश्न : नैराश्यावर गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं का?

नाही. एलीयाने झुडपाखाली मरण मागितलं तेव्हा देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. उपदेश केला नाही. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासण्याबद्दल विचारा, कारण त्यांच्या कमतरतेतही असाच थकवा आणि उदासी येते. गोळ्यांचा परिणाम दिसायला सहसा काही आठवडे लागतात. प्रार्थनासभेत बरं वाटलं म्हणून त्या एकदम बंद करू नका. कमी करायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने.

प्रश्न : कुणाला तरी सांगावंसं वाटतं, पण आमच्याकडे ‘यांच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणता म्हणता गोष्ट सगळीकडे पसरते.

तुमची भीती रास्त आहे. प्रार्थनेच्या नावाने केलेली चर्चा ही चर्चाच. गेथशेमानेत प्रभू येशूने बाकीच्या शिष्यांना मागे बसवलं, तिघांनाच पुढे नेलं आणि मरणप्राय दुःखाचं त्यांना सांगितलं. सगळ्यांना सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे.

आधी लहान गोष्ट सांगून पाहा आणि महिनाभर थांबा. ती फिरून तुमच्या कानावर आली तर मोठी सांगू नका. सांगण्याआधी अट बोला : ‘हे तुमच्या घरातही सांगायचं नाही, गटात प्रार्थनेसाठीही नाही. चालेल का?’ मग काय हवं तेही सांगा, ‘सल्ला नको, वीस मिनिटं ऐका.’ हे न सांगितल्यामुळेच चांगली माणसंही वचनांचा मारा करतात.

प्रश्न : माझे यजमान मंडळीत वडील, म्हणजे एल्डर, आहेत. हल्ली फार गप्प असतात. परवा म्हणाले, ‘मी नसलो तर तुमचं बरं होईल.’ मी विषय बदलला. विचारलं तर तसा विचार त्यांच्या मनात मीच घातल्यासारखं होईल का?

होत नाही. सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट एकट्याने वाहायचं ओझं हलकं होतं. आजच विचारा. दोघेच असताना, शेजारी बसून : ‘तुम्ही तसं म्हणालात. जीव द्यावासा वाटतो का?’ उत्तर येईपर्यंत गप्प राहा. ‘हो’ आलं तर ‘हे पाप आहे’ म्हणू नका, मुलांची शपथही घालू नका, त्याने ते पुन्हा गप्प होतील. ‘सांगितलंत हे बरं केलंत’ म्हणा आणि पुढचं विचारा : कसं करायचं ठरवलं आहे का, कधी, त्यासाठी काही आणून ठेवलं आहे का? ठरवलं असेल तर त्यांना एकटं सोडू नका, गोळ्या, कीटकनाशक, दोर घराबाहेर काढा आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घेऊन जा. ठरवलेलं नसलं तरी या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि सोबत जा. मंडळीतल्या पदाचा प्रश्न त्यांनी काढला तर काही महिन्यांची रजा मागता येते, एवढंच सांगा. त्यांच्या बाजूने पाळकांशी कोण बोलणार हे दोघे मिळून ठरवा, आणि बोलण्याआधी काय सांगायचं ते त्यांनाच विचारा.