गेल्या काही वर्षांतला असा कोणता वैज्ञानिक शोध आहे, जो विज्ञान न शिकलेल्या माणसालाही समजेल?

माझं मत जून २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या मंद गुरुत्वीय लहरींच्या पुराव्याला. मी जुन्नर तालुक्यातला आणि या कामात आमच्या खोडदच्या दुर्बिणीचा हात आहे, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा अवकाशच किंचित ताणलं-आकसलं जातं आणि ही थरथर लहरींसारखी चहूकडे पसरते. अशी लहर पहिल्यांदा पकडली अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेने, १४ सप्टेंबर २०१५ ला. ती सूर्याच्या तीसेक पट वजनाच्या कृष्णविवरांची टक्कर होती. लायगोच्या कानावर पडलेला सगळा खेळ सेकंदाच्या आत आटोपला. पण दीर्घिकांच्या (गॅलक्सींच्या) पोटात बसलेली कृष्णविवरं सूर्याच्या कोट्यवधी पट जड असतात. दोन दीर्घिका एकत्र आल्या की त्यांच्या कृष्णविवरांची जोडी जमते आणि तिची एकेक लहर पुरी व्हायला वर्षंच्या वर्षं लागतात. लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूंना तिचा पत्ताही लागत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी आकाशातलीच घड्याळं वापरली. पल्सार म्हणजे जेमतेम २० किलोमीटर व्यासाचा, गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघट्ट गाभा. १९८२ साली सापडलेला एक तर सेकंदाला ६४२ फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीला त्याची रेडिओ टिकटिक आपल्याकडे येते, आणि ती इतकी नियमित असते की पुढची कधी येणार हे वर्षानुवर्षं आधी सांगता येतं. मधून गुरुत्वीय लहर गेली की ही वेळ चुकते. किती? सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास.

खरी डोकेफोड इथे आहे. वेळ चुकायला कारणं पन्नास, मग ती लहरीमुळेच चुकली हे कशावरून? नारायणगावच्या स्टँडवर एक एसटी उशिरा आली तर गाडीत बिघाड. सगळ्याच सारख्या उशिरा आल्या तर स्टँडचं घड्याळ पुढे आहे. तसंच हे. सगळे पल्सार एकदम चुकले तर दोष पृथ्वीवरच्या घड्याळांचा. आकाशाच्या एका बाजूचे लवकर आणि दुसऱ्या बाजूचे उशिरा आले तर आपण सूर्यमालेचा हिशेब चुकवलाय, गुरूची कक्षा वगैरे. लहरींची खूण मात्र वेगळी आणि ती हेलिंग्ज व डाउन्स या दोघा शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच गणिताने काढून ठेवली होती: आकाशात शेजारी दिसणारे पल्सार एकाच दिशेने चुकतात, साधारण काटकोनात असलेले उलट दिशांनी, आणि समोरासमोरचे पुन्हा थोडेफार एकत्र. ही नक्षी दिसायला ४० वर्षं गेली.

आता खोडद. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेची इथली दुर्बीण म्हणजे जीएमआरटी. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. ती उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तबकड्यांत पत्र्याऐवजी ताणलेली बारीक तारांची जाळी वापरली, त्यामुळे वारा आरपार जातो आणि खर्चही आटोक्यात राहिला. ही दुर्बीण कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी टिपते, आणि नेमकं तेच इथे कामाला आलं. ताऱ्यांमधल्या पोकळीत विखुरलेले इलेक्ट्रॉन पल्सारचा संदेश रेंगाळवतात. वारंवारता जितकी कमी, तितका उशीर जास्त. काही पल्सारच्या बाबतीत ४०० मेगाहर्ट्झची टिकटिक १४०० मेगाहर्ट्झच्या टिकटिकीपेक्षा पाव सेकंद मागे पडते. शोधायची चूक याच्या सुमारे पंचवीस लाखावा भाग! शिवाय हा उशीर स्थिर नसतो, बदलत राहतो. तो अचूक मोजून वजा करायला खोडदची निरीक्षणं उपयोगी पडली. भारत-जपानच्या गटाने ती युरोपातल्या पाच दुर्बिणींच्या २५ वर्षांच्या नोंदींना जोडली. बातम्यांत 'विश्वाचं संगीत' वगैरे आलं, पण मला कौतुक या वजाबाकीचं वाटतं.

त्याच वेळी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही आपापले निष्कर्ष मांडले. तरी कोणी 'शोध लागला' असं ठामपणे म्हटलं नाही, 'पुरावा मिळाला' म्हटलं. अमेरिकी आणि युरोपीय आकडेमोडीत ही नक्षी निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एक किंवा त्याहून कमी निघाली. या शास्त्रात पक्का शोध म्हणायला ती साधारण पस्तीस लाखांत एक असावी लागते. लहरी कृष्णविवरांच्याच आहेत हेही अजून सिद्ध व्हायचंय. विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं काही असू शकतं. आता सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करायचं काम चालू आहे.

हिंगोलीतल्या औंढ्याला होणारी लायगो-इंडिया यात कामाची का, असं कोणी विचारेल म्हणून सांगतो: नाही, ती २०१५ सारख्या झटपट लहरींसाठी आहे.

खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दुर्बीण लोकांसाठी खुली असते, शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. गेलात तर मोबाइल बंद ठेवा. त्या तबकड्यांना तुमचा फोन कुठल्याही पल्सारपेक्षा फार मोठ्याने ऐकू येतो.