वरचा मजला आणि आईचे गुडघे

प्रश्न : ताई, जुळे सोलापुरात रो-हाऊस पाहिलंय. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. सोबत आई असते, तिचे गुडघे दुखतात. घ्यावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाऊ, मी 11 वर्षं विजापूर रोडला अशाच घरात राहते. दारात तुळस, स्कूटर लावायला आपली जागा, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावात अंगणाखाली स्वतःचा हौद! फ्लॅटमध्ये हे सुख नाही.

पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की वरच्या खोल्यांची भट्टी होते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडतो. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिला, तेव्हा कुठे झोप लागू लागली. शेजारची भिंत सामाईक असेल तर ओल कुणी काढायची, हेही आधी लिहून घ्या.

आता आईंचं. आमच्या सासूबाई शेवटची दोन वर्षं हॉलमधल्या दिवाणावर झोपल्या, कारण खाली खोलीच नव्हती. पाहुणे आले की त्या अवघडून बसायच्या. ते आठवलं की अजून जीव तुटतो. खाली एक खोली आणि संडास-बाथरूम निघत असेल तरच पुढे जा.

जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद, बांधकाम परवानगी आणि मागच्या 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाचा तपास) वकिलाकडून तपासून घ्या. घराखालची जमीन कुणाच्या नावावर होणार, हे खरेदीखतात स्पष्ट हवं. महारेरात (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंद असलेल्या प्रकल्पात ताब्यानंतर 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करायचा असतो.