डॉकिंगचा स्कोर चांगला आला, मग प्रयोगात औषध सायक्लोडेक्स्ट्रिनला तेवढं घट्ट का धरत नाही?

तुम्ही लिहिलंय की आयबुप्रोफेन हे वेदनाशामक बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या वाटीसारख्या रेणूमध्ये डॉक केलं, म्हणजे ते आत कसं बसेल ते कॉम्प्युटरवर बघितलं, व्हिना या डॉकिंगच्या प्रोग्रॅमने -५ स्कोर दिला (जितका उणे तितकी पकड घट्ट) आणि लॅबमध्ये बायंडिंग कॉन्स्टंट, म्हणजे पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा, बराच कमी निघाला. आधी एवढंच सांगा, बफरचा पीएच किती होता आणि मॉडेलमधल्या आयबुप्रोफेनवर चार्ज दिला होता का? कारण हीच माती मीपण खाल्लीये. इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी, ऐन मे महिन्यात लॅपटॉपखाली दोन वाट्या पालथ्या घालून रात्रभर सिम्युलेशन चालवायचो, आई विचारायची हे काय भाजायला ठेवलंयस, आणि पंधरा दिवसांनी कळलं की मॉडेलमधला रेणू न्यूट्रल, म्हणजे बिनचार्जचा, आणि लॅबमधला बफर पीएच ७.४ चा. आयबुप्रोफेनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू चार्ज्ड असतात तो) ५ च्या जरा खालीच आहे, म्हणजे ७.४ ला शंभरात एक रेणूसुद्धा न्यूट्रल उरत नाही, आणि चार्जवाल्याला पाणी सहजासहजी सोडत नाही, म्हणून पकड ढिली.

आता तो -५. किलोकॅलरी धरून २५ अंशाला कॉन्स्टंट काढलात तर साधारण ४६०० येतो, पण १.४ किलोकॅलरी इकडची तिकडे झाली की तोच आकडा दहापट बदलतो, आणि डॉकिंगमध्ये एवढी चूक अगदी सहज होते. त्यामुळे स्कोरवरून कॉन्स्टंट काढूच नका. रेणू साधारण कसा बसतो ते बघायला डॉकिंग ठीक आहे, बास.

खरी गंमत पाण्यात आहे. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजच्या ७ मण्यांची बिनबुडाची वाटी, एक तोंड रुंद एक अरुंद, बाहेरून पाण्याशी जमणारी पण आतून जरा तेलकट, त्यामुळे आत जे सहा-सात पाण्याचे रेणू असतात ते लग्नघरात मांडी घालायला जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखे अवघडून बसलेले असतात, औषध आत शिरलं की ते सुटतात, आणि बांधणीची बरीचशी ताकद त्या सुटण्यातूनच येते. व्हिनाला हे पाणी दिसतच नाही, वर वाटीपण ताठ धरलेली, खरी वाटी चांगली लवचिक असते.

म्हणून ग्रोमॅक्स किंवा अँबर या प्रोग्रॅममध्ये पाण्यासकट डायनॅमिक्स, म्हणजे रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन, चालवा, फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं आणि आकडे) वाटीला ग्लायकॅम किंवा खास सायक्लोडेक्स्ट्रिनसाठी बनवलेलं क्यू४एमडी-सीडी, औषधाला गॅफ. आणि सुरुवात दोन्ही बाजूंनी करा, एकदा कार्बॉक्सिल (आयबुप्रोफेनचं आम्लाचं टोक) रुंद तोंडाकडे, एकदा अरुंद तोंडाकडे, कारण आत बसलेला रेणू १०० नॅनोसेकंदांत उलटेलच असं नाही आणि आपण त्यालाच खरं धरून बसतो. मग अंब्रेला सॅम्पलिंग, म्हणजे औषध टप्प्याटप्प्याने वाटीबाहेर नेत ऊर्जा कशी बदलते ते काढणं, पण तेही न्यूट्रल आणि चार्ज्ड दोन्हींचं, सुट्या आकड्यापेक्षा दोघांमधल्या फरकावर माझा जास्त विश्वास आहे.

पीएच कळवा, मग फोर्स फील्डच्या फाइल्सचं बघू.